शेजारचे पोर



मी सातवी शिकलेली बाई, भाषण कसले! आषाढीला वडाळ्याच्या विठोबापाशी कुणाचे मूल चुकले तर आपण साऱ्याजणी शोधायला धावतो. पण शेजारचा दारू पिऊन पोराला मारी, तेव्हा मी कडी लावून घेई. लाज वाटते सांगायला.

एका रात्री पोर दाराशीच येऊन बसले. मग आम्ही चौघी त्याच्या आईकडे गेलो. मुंबईत १९९६ साली सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन केला. नवऱ्याला पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये धाडले. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ते १९८६ साली काढले. तिथे बायकोचेही ऐकून घेतात, हे मला फार आवडले.

तो अजून मधूनच घसरतो. त्या रात्री पोर माझ्याकडे जेवते.