जुन्या मोटारसायकलीची थरथर

आमच्या अंगणात एक बुलेट मोटारसायकल उभी असते. माझ्या वडिलांनी ती १९७४ साली घेतली. इंग्लंडमध्ये जन्मलेली ही गाडी १९५५ साली मद्रासेत आली आणि पुढे तिचे माहेर कोणते व सासर कोणते हेच लोक विसरले. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि आता माझ्या भाच्याकडे जायची आहे. माझी पदवी संस्कृताची, नोकरी सरकारी. यंत्रांशी माझा अधिकृत संबंध काय तो दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांवर सही करण्यापुरता. तेव्हा आज मी आपल्यापुढे बोलणार आहे ते जाणकार म्हणून नव्हे, तर या गाडीने एकदा चांगलेच घाबरवलेला मनुष्य म्हणून.

त्याचे असे झाले. गाडीचा वेग कमी करताना, साठावरून चाळिसाकडे येताना, हँडल थरथरू लागले होते. एका गॅरेजात दाखवली. तेथील कारागिराने फार विचार केला नाही. हँडलाच्या मधोमध घर्षणाने थरथर दाबणारी एक गोल मूठ असते. ती त्याने करकचून आवळली, "झालं साहेब" म्हणाला आणि पैसे घेतले. थरथर खरोखरच थांबली. मी त्या माणसाच्या हाताला यश आहे असे चारचौघांत सांगितलेसुद्धा!

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून नाशिकला निघालो. पाठीमागे भाचा, त्याच्या मागे कॅरियरवर बांधलेली त्याची भलीथोरली बॅग. संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाट उतरून सरळ रस्ता लागला आणि मी वेग वाढवला. थोड्या वेळाने गाडी आळोखेपिळोखे देऊ लागली. ही पूर्वीची थरथर नव्हे. हँडल जवळजवळ स्थिर होते. पण सबंध गाडी, मागच्या चाकासकट, मंद लयीत डावी-उजवीकडे झुलत होती आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होता. समोरून मालमोटार येत होती. भाचा म्हणाला, "मामा, मागून कुणीतरी ढकलतंय!" ब्रेक दाबायला हात शिवशिवत होता, पण दाबला नाही, हे शहाणपण होते की बधिरपणा, ते मला आजही सांगता येत नाही. नुसती मूठ हळूहळू सोडत गेलो. वेग उतरला तसे झोके उतरले. झाडाखाली गाडी उभी केली तेव्हा कितीतरी वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

नंतर वाचन केले, आणि कळले की आमच्यावर ओढवलेला प्रसंग शास्त्राला चांगलाच परिचित आहे. रॉबिन शार्प या इंग्लिश अभियंत्याने १९७१ साली मोटारसायकलीच्या स्थैर्याचे गणित मांडले. त्यात चालत्या गाडीची दोन आंदोलने वेगवेगळी दिसतात. एक पुढच्या चाकाची थरथर. ती जलद असते, सेकंदाला सुमारे सहा ते नऊ वेळा. दुसरे सबंध गाडीचे झुलणे; ते मंद, सेकंदाला दोन ते चार वेळा, आणि वाढत्या वेगाबरोबर बळावणारे. यातील मर्माची गोष्ट अशी की, हँडलाची हालचाल दाबून धरली तर पहिले आंदोलन शमते, पण दुसरे बळावू शकते. म्हणजे त्या गॅरेजात माझा रोग बरा झाला नव्हता. लहान रोग झाकून मोठ्याला वाट करून दिली होती.

येथे थोडे मुळाशी जायला हवे. मोटारसायकल सरळ का जाते? कचेरीतील चाकांची खुर्ची ढकलून पाहा. प्रत्येक चाक आपल्या खुंटीच्या मागे येऊन राहते आणि निमूटपणे तिच्यामागून चालू लागते. मोटारसायकलीचे पुढचे चाकही असेच अनुयायी आहे. हँडल ज्या कलत्या आसाभोवती फिरते, तो आस कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवा. तो टायर जिथे टेकतो त्याच्या थोडा पुढे टेकेल. हे अंतर सर्वसाधारण गाडीत आठ ते बारा सेंटिमीटर असते, आणि या ओंजळभर अंतरावर स्वाराचा जीव विसंबून असतो. चाकाच्या फिरण्यामुळेच दुचाकी उभी राहते असे आम्ही शाळेत ऐकले होते. १९७० साली डेव्हिड जोन्स या गृहस्थाने सायकलीला उलट फिरणारे एक जादा चाक लावून तो परिणाम पुसून टाकला. तरी सायकल चालवता आली. मात्र पुढचे चाक आणखी पुढे सरकवून त्याने ते अंतर घालवले, तेव्हा ती चालवणे महाकठीण झाले. पुढे २०११ मध्ये संशोधकांनी या दोहोंवाचून सावरणारी एक खास दुचाकी करून दाखवली, त्यामुळे शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही. आपल्या जुन्या गाड्यांपुरते मात्र ते अंतर सांभाळावे हे बरे.

नाशिकला मला एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी हँडलाकडे पाहिलेसुद्धा नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचे चाक दोन्ही हातांनी धरले आणि आडवे हलवले. आतून 'खट्' असा आवाज आला. स्विंग आर्मचे, म्हणजे मागचे चाक ज्या दांड्यांवर वरखाली होते त्यांच्या मुळाशी असलेले, बुश झिजले होते. "साहेब, तक्रार पुढं आहे, पण दुखणं मागं आहे," ते म्हणाले. मागचे चाक स्वतःच्या मर्जीने वळत असेल तर पुढच्याने किती सावरावे? त्यात भाच्याची बॅग मागच्या आसाच्याही मागे बांधलेली; पुढच्या चाकावरचे वजन तेवढे हलके झालेले. राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून जाणारे आपण पाहतो. तोही बोजाच, पण तो निदान खाली आणि आसाजवळ असतो.

मग ते पुढे वळले. इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचे चाक उचलले, फोर्कची खालची टोके धरून मागेपुढे ओढली, आणि दुसऱ्या हाताचे बोट कोनसेटच्या सांध्यावर ठेवले. कोनसेट म्हणजे हँडलाच्या आसातील सुट्या पोलादी गोळ्यांचे बेअरिंग. तेथे ढिलाई बोटाला कळते. नंतर हँडल हलक्या हाताने इकडून तिकडे फिरवले. मध्यभागी येताच ते किंचित अडले. वर्षानुवर्षे सरळ रस्त्यावर चालून गोळ्यांनी वाट्यांत खळगे पाडले होते. अशा वेळी कोनसेट नुसता आवळणे हा दुसरा मोह. तो जास्त आवळला की संथ वेगात गाडी दारू प्याल्यासारखी चालते, कारण तोल सावरण्यासाठी हँडल जे सूक्ष्म हेलकावे घेते तेच बंद पडतात. आम्ही गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग बसवले. गोळीचा भार एका बिंदूवर येतो, रोलरचा एका रेषेवर पसरतो. त्यामुळे खळगे पडायला वेळ लागतो. काही शे किलोमीटरनंतर मात्र त्याची घट्टी पुन्हा तपासावी लागते.

बाकीची कामे भराभर झाली. फोर्कमधील तेल काढले तर काळी काकवी निघाली. स्प्रिंगा पुस्तिकेतल्या मापापेक्षा आखूड भरल्या. दबलेल्या स्प्रिंगांनी गाडीचे नाक खाली जाते, आस उभट होतो आणि ते मोलाचे अंतर घटते. आऱ्यांवर पान्याने टिचकी मारत मिस्त्री सूर ऐकत होते. जो आरा भद्द वाजला तो सैल. दोन लांब सुतळ्या मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढपर्यंत ताणून चाके एका ओळीत आहेत की नाहीत ते पाहिले. टायरवरचा चार आकडी शिक्काही त्यांनी वाचायला लावला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमचा पुढचा टायर नक्षीने तरुण होता, पण रबर दगडासारखे झालेले. निम्मा खर्च तिथे.

माझ्या भाच्याला याहून आकर्षक सुधारणा हव्या होत्या. मागे उंच शॉकअप, पुढे रुंद टायर. मागची बाजू उचलली की तो आस पुन्हा उभट होतो आणि हँडल उतावळे बनते, हे त्याला कागदावर रेघा काढून पटवले. रुंद टायर मूळच्या अरुंद रिमवर नीट बसत नाही, त्याचा आकारच बिघडतो. हे मात्र त्याला माझ्याकडून पटले नाही, मिस्त्रींकडून पटले. जुन्या गाडीला मूळच्या स्थितीत आणणे हीच पहिली सुधारणा आणि बहुतेक वेळा ती पुरते, असे माझे मत झाले आहे. नवी पिढी त्याला सरकारी मत म्हणते!

घाटाखालच्या त्या प्रसंगाबद्दल मिस्त्री एवढेच म्हणाले की, असे झाले तर हँडल गळा दाबल्यासारखे धरू नये, गुडघ्यांनी टाकी आवळावी, अंग पुढे झुकवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ती गोल मूठ त्यांनी पूर्ण सैल करून ठेवली.

आता गाडीचे चारशे किलोमीटर झाले आहेत. भाचा रोज संध्याकाळी फोन करून किल्ली कधी देता म्हणून विचारतो. येत्या रविवारी त्याला बोलावले आहे. पुढचे चाक ठोकळ्यावर उचलून कोनसेटच्या सांध्यावर बोट ठेवायचे आहे. पण या खेपेला बोट त्याचे असेल.