पाचारणाशी इमान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ख्रिस्ती मंडळीत ‘पाचारण’ असा एक शब्द आहे. देवाने हाक मारून अमुक काम तुझे आहे असे सांगावे, हा त्याचा अर्थ. हाक ऐकू येते त्या दिवशी मन भरून येते. खरी परीक्षा पुढच्या वर्षांत होते. याची दोन उदाहरणे आपल्या सांगली-साताऱ्याकडचीच आहेत.

डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ साली ते मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीत त्यांनी काम केले. मग १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले. १९२८ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी मिरजेचे काम सोडले नाही. गावोगावचे रोगी त्यांच्याकडे येत, आणि येथल्याच तरुणांना ते वैद्यकी शिकवीत. सांगली-मिरजेमधल्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९१७ साली, पंचावन्नीच्या घरात असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. ख्रिस्त आपल्या लोकांना आपल्या भाषेत, अभंग-कीर्तनातून भेटावा ही त्यांची तळमळ. पण ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत.

एक जागा धरून राहिला, दुसरा जागा सोडून निघाला. मग इमानी कोण? मला वाटते, दोघेही. वानलेसांचे काम मिरजेत राहूनच होणार होते. टिळकांनी नोकरी सोडली, पण ज्या कामासाठी नोकरी धरली होती ते काम सोडले नाही. कधी राहावे नि कधी निघावे, हे ज्याचे त्याने देवापुढे बसून ठरवायचे असते.

पण पगार सुटला तेव्हा घरच्या चुलीची काळजी कोणाला पडली असेल, हे आपणा बायकांना सांगायला नको! म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्याशिवाय मला थांबवत नाही. पती ख्रिस्ती झाले म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीला आलेली हाक त्यांनी उसनी घेतली नाही. टिळकांमागे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे पडले होते. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने त्याचा मोठा भाग उतारवयात लिहून काढला.

आपण निरनिराळ्या धर्मांच्या आहोत, आणि आपली कामे लहान आहेत. तरी आज वर्षभराचे कार्यक्रम मोजताना प्रत्येकीने मनाशी विचारावे: मी हे काम सवयीने करते, की ते माझे आहे म्हणून? आणि घरात दुसऱ्या कोणाला हाक आली, तर तिचा भार कोणाच्या माथी पडतो आहे, इकडे माझे लक्ष आहे का?