घराच्या कागदावर नसलेली माणसे



घराचा इतिहास म्हटला की प्रथम कागदपत्रे आठवतात. शहरात मालमत्ता पत्रक असते, खेड्यात सातबारा आणि घरपट्टीची नोंद असते. कोकणातल्या कित्येक घराण्यांनी परिश्रमपूर्वक कुलवृत्तांत छापले आहेत. या साधनांचे मोल मोठे आहे. परंतु मालमत्ता पत्रक केवळ धारकाला ओळखते आणि कुलवृत्तांत त्या कुळात जन्मलेल्या वा विवाहाने आलेल्या व्यक्तींनाच. घरात आयुष्य घालवलेल्या, पण मालकी वा रक्ताचे नाते नसलेल्या माणसाची नोंद या दोहोंत होत नाही. पुष्कळदा घराचे खरे चारित्र्य मात्र अशाच माणसामुळे उलगडते.

पेण तालुक्यातील गागोदे या गावी भावे कुटुंबाचे घर आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच घरात आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला. तेव्हा घरात आजोबा शंभुराव होते, आजी होती, माता रुक्मिणीबाई होत्या. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. घरात आणखी एक रहिवासी होते. ते अंध होते. मुले त्यांना काका म्हणत आणि ते आपल्या घरातलेच, याविषयी मुलांच्या मनात शंका नव्हती.

पुढे कुटुंब बडोद्याला गेल्यावर एके दिवशी गागोद्याहून त्या अंध काकांच्या निधनाची वार्ता आली. घरात कोणी गेले की स्नान करायचे, सूतक पाळायचे, ही रीत बाल विन्याला ठाऊक होती. या वेळी तसे काहीच झाले नाही. त्याने आईला कारण विचारले, तेव्हा त्याला प्रथमच कळले की काका नात्याचे नव्हतेच. त्यांना सांभाळणारे कोणी नव्हते, म्हणून त्यांना घरात आणले होते. धर्मशास्त्राने सुतकाचा हिशेब ठेवला नसता, तर हा माणूस परका होता हे त्या मुलाला कदाचित कधीच कळले नसते. आश्रिताला आश्रित असल्याची आणि घरातल्या मुलांना उपकारकर्ते असल्याची जाणीवही होऊ न देणे, याहून मोठे आतिथ्य कोणते?

ही एकच गोष्ट असती, तर तो आजोबांचा चांगुलपणा म्हणून सोडून देता आला असता. पण त्या घरातले सगळे वळणच तसे होते. अंगणातल्या फणसाचे गरे काढले की रुक्मिणीबाई ते द्रोणांत भरून मुलाच्या हातून आधी शेजारी पाठवत. त्याच्या वाट्याचे गरे त्यानंतर. गणेशोत्सवात आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत, त्या उटीची मूर्ती घडवीत, यथाविधी पूजा करीत आणि शेवटी तिचे विसर्जन करीत. गणेशमूर्तींसाठी जगभर नाव मिळवलेल्या पेणच्या परिसरात या शिकवणीचे मर्म वेगळे सांगायला नको. ज्याला आपल्या हातांनी घडवले, पूजले, त्यालाही वेळ आल्यावर सोडता आले पाहिजे.

कोकणातले घर सोडून शहरात बिऱ्हाड केले की घराचे वळण बदलते, असे आपण सर्रास म्हणतो. शहरात जागा मोजकी, मिळकत मोजकी. भावे कुटुंबाचे बडोद्यातले बिऱ्हाड मात्र त्याला अपवाद ठरले. नरहरपंत एखादा गरजू विद्यार्थी घरी ठेवून घेत. उरलेले शिळे अन्न रुक्मिणीबाई स्वतः खात किंवा विन्याला देत. त्या विद्यार्थ्याला नेहमी ताजेच वाढीत. सर्वांना समान मानायचे आणि पानात असा भेद करायचा, हे कसे, असे मुलाने एकदा आईला छेडले. तिने भेद होतो हे मान्य केले. तुझ्याकडे अजून पुत्रभावाने पाहते आणि त्याच्याकडे देवभावाने, तुझ्यातही देव दिसेल त्या दिवशी हा भेद सरेल, अशा आशयाचे तिचे उत्तर होते. गागोद्यात अंध काका, बडोद्यात परका विद्यार्थी. वास्तू बदलली, माणसे बदलली, घर तेच राहिले.

या घराची पुढची पिढी कुठे गेली? विनोबांनी १९१६ साली घर सोडले आणि त्याच वर्षी ते गांधीजींना भेटले. बाळकोबा आणि शिवाजीराव हे धाकटे बंधूही आजन्म ब्रह्मचारी राहिले आणि लोकसेवेच्या व अध्ययनाच्या मार्गाला लागले. रूढ अर्थाने त्या तिघांचा वंश खुंटला. पण १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाचा प्रारंभ झाला आणि गागोद्याच्या अंगणातली रीत देशभर पायी हिंडू लागली. आधी द्यावे, मग खावे, हेच विनोबा जमीनदारांना सांगत होते.

पेणला लागूनच रोहा. चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळील नाते येथे त्यांचा जन्म झाला, म्हणजे विनोबांपेक्षा ते अवघ्या चार महिन्यांनी लहान. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेल्या चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडले. रोह्यातच १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. घरच्या परंपरेत संस्कृत आणि गीता शिकलेल्या या पुरुषाने स्वाध्याय परिवाराच्या रूपाने लाखो माणसांना दुसऱ्याच्या दारात निरपेक्ष भावनेने जायला शिकवले. विनोबांना १९५८, चिंतामणरावांना १९५९ आणि पांडुरंगशास्त्रींना १९९६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुंडलिका आणि भोगावतीच्या काठच्या या टापूला एवढे भाग्य लाभले, ते घरातल्या रोजच्या वागण्याशिवाय कशाच्या बळावर?

आज पेण आणि रोह्याचा चेहरा झपाट्याने बदलत आहे. महामार्ग, रेल्वे आणि कारखानदारी आली, जुनी घरे उतरवून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. त्यात वावगे काही नाही. गळक्या कौलाखाली राहण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये. मात्र घर उतरवण्यापूर्वी एक काम अवश्य व्हावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून, या घरात कोण कोण राहून गेले, हे लिहून घ्यावे. मालकांची नावे कागदावर मिळतीलच. शिक्षणासाठी राहिलेला मुलगा, माहेरी परत आलेली आत्या, जन्मभर राबलेला गडी, वार लावून जेवणारा विद्यार्थी, पुरात आसऱ्याला आलेले कुटुंब, यांची नावे मात्र फक्त त्या वृद्धांच्या स्मरणात आहेत. त्यांच्याबरोबर ती जातील.

आणि नवी सदनिका घेतल्यावर वास्तुशांतीच्या दिवशी हाही प्रश्न स्वतःला विचारावा: या घरात, ज्याचे सूतक आपल्याला लागत नाही, अशा एखाद्या माणसासाठी जागा आहे काय?