ट्रॉलीचा सातबारा लोखंडावर असतो

(सोलापूर जिल्हा बैठकीत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन शेडच्या अंगणात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक गावात न घेता इथे एमआयडीसीत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात त्या शेडसमोर का घेतली, असे सकाळपासून चौघा-पाच जणांनी विचारले. ही समोर उभी आहे ती जुनी ट्रॉली, हे त्याचे कारण. आमचे बोलणे झाले की तिच्याखाली तुम्हालाच वाकायचे आहे. तेव्हा पांढरे कपडे घालून आलेल्यांनी आताच मनाची तयारी करावी.

गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो. जमीन घेताना गट नंबर बघतो, चतुःसीमा बघतो, सातबाऱ्यावर कुणाचा बोजा आहे का ते बघतो. आणि जुनी ट्रॉली घेताना? टायर बघतो, पाटे बघतो, फाळका आपटून बघतो आणि पैसे मोजतो. तिचा गट नंबर कोणता, तो कुठे कोरला आहे, कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एकच आहे का, हे बघायला कुणी वाकत नाही. आम्हीही वाकलो नव्हतो. म्हणून आज बोलायचा अधिकार आम्हाला आहे.

जुनी ट्रॉली आपण हौसेने घेत नाही. कारखान्याला ऊस घालणाऱ्याची ट्रॉली सगळा हंगाम रस्त्यावर असते, तिचे पैसे फिटतात. कोरडवाहू माणसाची ट्रॉली वर्षातून किती दिवस चालते? शेणखत टाकायला काही दिवस, कापूस जिनिंगला न्यायला काही खेपा, आणि माघ-फाल्गुनात ज्वारीची कणसे आणि कडबा ओढायला. तेवढ्यासाठी नवी ट्रॉली घेतली तर मालदांडीच्या भावात तिचे व्याजसुद्धा निघत नाही. मग उसाच्या पट्ट्यात झिजलेली ट्रॉली आपल्या दारात येते. यात चोरी नाही, लाज नाही. पण झिजलेल्या ट्रॉलीबरोबर तिचा झिजलेला नंबरही आपल्या दारात येतो, आणि त्याचा हिशेब आपण धरत नाही.

आमची गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागे आम्ही पाच जणांनी मिळून एक ट्रॉली ठरवली. संक्रांत नुकतीच झाली होती. भाव ९० हजार, विसार २० हजार. मालकाकडे एमएच १३ चे नोंदणी पुस्तक होते, विम्याचा कागद होता. पुढच्या बाजूला कारखानदाराची पत्र्याची पाटी होती. पाटीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर आम्ही ताडून पाहिला. जुळला. आम्हाला वाटले, झाले.

नावावर करायला गेलो तेव्हा मोटार वाहन निरीक्षकाने पाटीकडे पाहिलेसुद्धा नाही. तो पुढच्या त्रिकोणाशी, जिथे हुक असतो तिथे, उकिडवा बसला. किल्लीने ऑइल पेंट खरवडला आणि म्हणाला, इथे तर वेगळाच नंबर आहे. खरोखरच होता. पाटी रिपिटांनी ठोकलेली असते, ती कुणीही काढतो, कुणीही लावतो. लोखंडात पंच केलेला नंबर दुसऱ्याच ट्रॉलीचा होता. चौकशी करता कळले ते असे: कधीतरी ट्रॉली उलटून पुढचा भाग वाकला होता. कुठल्याशा शेडमध्ये वाकलेला भाग कापला आणि भंगारातल्या दुसऱ्या ट्रॉलीचा पुढचा त्रिकोण आणून जोडला. जोडणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. त्याला मजबूत चॅनेल हवा होता, तो मिळाला. पण कापून टाकलेल्या तुकड्यावर त्या ट्रॉलीचे नाव होते, आणि ते भंगारात गेले.

आम्ही त्या निरीक्षकावर चिडलो. आडवतो आहे, काहीतरी हवे असेल, असे बोललो. घरी येऊन कायदा उघडला तेव्हा तोंड बंद झाले. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि नोंदणी पुस्तकातला चासी नंबर वेगळे निघाले, तर मालकाला म्हणणे मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायची. त्याला दुसरी वाट नव्हतीच. पुढे तो दुसरा नंबर कुणाचा याची पोलिसांत चौकशी झाली, आम्हा पाचही जणांना जबाब द्यावा लागला. ती ट्रॉली मोडीत निघालेली होती, चोरीची नव्हती, हे आमचे नशीब. व्यवहार मोडला. विसारातले १० हजार परत मिळाले, १० हजार बुडाले. आणि या धावपळीत कडबा रानात पडून अवकाळीत भिजला, तो वेगळाच.

आता काही जण म्हणतील, ट्रॉलीला कशाला हवी नोंदणी, ट्रॅक्टर नोंदलेला आहे की. भावांनो, या कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर धरलेला आहे. इंजिन नसले तरी कायद्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र गाडी. तिला तिचा नंबर, तिचे पुस्तक. कलम ६१ तर असे सांगते की, ट्रॉलीच्या बाजूवर तिचा स्वतःचा नंबर हवा आणि शिवाय ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही तिच्यावर हवा. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. आपल्या किती ट्रॉल्यांवर हे दोन्ही नंबर आहेत? बहुतेक ट्रॉल्यांवर मुलांची नावे आणि देवाचा आशीर्वाद असतो. आशीर्वाद असू द्या. नंबरही असू द्या.

दंड ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट अपघाताची. कडबा रचलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असते, मागे दिवा नाही, मोटरसायकलवाला येऊन धडकतो. दावा न्यायाधिकरणापुढे जातो. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो: ट्रॉलीचा विमा होता का, आणि ज्या ट्रॉलीचा विमा आहे ती हीच कशावरून? नंबर जुळला नाही तर कंपनीला अंग काढून घ्यायला जागा मिळते, आणि मग वसुली कुणाच्या जमिनीवर येईल ते आम्ही सांगायला नको. ट्रॉलीत माणसे बसवणे तर कायद्यात बसतच नाही. वेचणीच्या बाया शेतावर कशातून जातात हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हे पुन्हा सांगतो.

विकणाऱ्यानेही ऐकावे. ट्रॉली विकली, पैसे घेतले, मोकळा झालो, असे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातल्या माणसाने गाडी कधीच विकलेली होती, पुढे ती आणखी दोन-तीन हातांतून गेली होती. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवली म्हणून तुमची मान सुटत नाही. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत विकणाऱ्याने फॉर्म २९ ने कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती, आणि कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्यायचा. सातबाऱ्यावर करतो तेच.

आता नंबर बघायचा कसा. हे सावकाश सांगतो, कारण सगळे यातच आहे.

पैसे देण्याआधी, दिवसाउजेडी, ट्रॉली रिकामी असताना जा. आधी पुस्तक हातात घ्या आणि नंबर स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून काढा. झेरॉक्स चालत नाही. झेरॉक्समध्ये ३ चा ८ होतो. मग नंबर लोखंडावर शोधा. बहुतेक कारखानदार तो पुढच्या त्रिकोणावर किंवा उजव्या बाजूच्या लांब चॅनेलच्या पुढच्या टोकाला पंच करतात. डिझेलच्या चिंधीने ग्रीस पुसा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने गंज काढा. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडरने गंजाबरोबर नंबरही जातो, आणि मग खोडला कुणी हा प्रश्न तुम्हालाच विचारतील. नंबर वर आला की त्यावर पातळ कागद धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासत होतो तसे. दोन छापा काढा, एक फॉर्मसाठी, एक आपल्या पेटीत ठेवायला.

छाप हातात आल्यावर नीट बघा. सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का? एखादा आकडा खोल आणि बाकीचे उथळ असतील तर विचारा. आजूबाजूचे लोखंड घासून गुळगुळीत झाले आहे का? नंबराच्या भोवती चौकोनी वेल्डिंगची रेघ आहे का? तशी रेघ दिसली तर तो तुकडा कुठून तरी आणून बसवला आहे असे धरून चाला. एकाच जागी रंगाचा जाड थर असेल तर तिथेच खरवडा. आम्ही खरवडले असते तर १० हजार वाचले असते.

मोठ्या कारखान्याच्या नव्या गाड्यांचा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. अशा १७ च्या नंबरात तुम्हाला ओ दिसला तर तो शून्य आहे, किंवा नंबर बनावट आहे. जुन्या, लहान शेडच्या ट्रॉल्यांना मात्र चार-पाच आकडे आणि वर्ष एवढाच नंबर असतो. तो छोटा आहे म्हणून खोटा ठरत नाही. पुस्तकात तसाच हवा, इतकेच.

तिसरी जागा संगणकाची. विकणाऱ्याला त्याच्याच मोबाइलवरून वाहन पोर्टलची नोंद काढून दाखवायला सांगा. जुने पुस्तक संगणकावर चढवताना कारकुनाच्या हातून आकडा चुकलेला असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटीची सक्ती झाली, तेव्हा नोंदणी करताना चासी नंबरचे शेवटचे ५ आकडे मागितले. आमच्या ओळखीच्या कित्येकांना आपला नंबर संगणकावर चुकीचा आहे हे त्या दिवशी कळले. अशी चूक असेल तर दुरुस्ती विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घ्या. व्यवहार झाल्यावर तो फोन उचलत नाही.

नंबर गंजून पार गेला असेल तर? कुणीतरी सांगेल, आण घण, आण पंच, पाच मिनिटांत मारून देतो. मारू नका. परवानगीशिवाय मारलेला खरा नंबरसुद्धा खोटा ठरतो. आरटीओकडे अर्ज करून, गाडी दाखवून, लेखी परवानगी घेऊनच पुन्हा पंच करायचा.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या मंडळींसाठी दोन वाक्ये. इंडी, आळंद, अफझलपूरकडून केए २८ आणि केए ३२ च्या ट्रॉल्या स्वस्त मिळतात. घ्या, पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ते देण्याआधी चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा अहवाल घ्यावाच लागतो, हा त्यातला आपला फायदा.

आणि जिची नोंदणी कधी झालीच नाही ती ट्रॉली? इथे गोड बोलता येत नाही. नोंदणीला कारखानदाराचे विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१ आणि रस्त्यालायकीचे फॉर्म २२ लागते. ते देणाऱ्याचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेने तपासलेला असावा लागतो. लहान शेडवाल्याकडे हे नसेल तर दलालाला कितीही पैसे दिले तरी खरे पुस्तक मिळत नाही. मिळाले तर ते दुसऱ्याच ट्रॉलीचे असते. अशी ट्रॉली भंगाराच्या भावानेच मोजा.

यात सरकारचा खाक्याही बघा. या शेडमधला कारागीर मोठ्या कारखान्याच्या तोडीची ट्रॉली बांधतो. पण नमुना तपासणीचा खर्च त्याला झेपत नाही, म्हणून तो बिनकागदाची विकतो आणि गुन्हेगार ठरतो शेतकरी. आमची मागणी साधी आहे. लहान शेडवाल्यांना मिळून एकच नमुना मंजूर करून घ्यायची सोय द्या. आणि आरटीओचे तालुक्याला कॅम्प भरतात, त्यातला एक दिवस सुगीच्या आधी फक्त ट्रॉल्यांचे नंबर तपासायला ठेवा. ४० किलोमीटर रिकामी ट्रॉली ओढत नेऊन उद्या या ऐकण्याइतके डिझेल कोरडवाहू माणसाकडे नसते. निवेदन टेबलावर आहे. सही करताना खाली आपल्या ट्रॉलीचा नंबर लिहायचा आहे. ज्यांना आठवत नाही त्यांनी जागा कोरी सोडावी. किती जागा कोऱ्या राहतात तेही साहेबांना दाखवू.

आता पाच-पाच जण या. चिंधी आणि ब्रश त्या डब्यात आहेत, पेन्सिली टेबलावर. या ट्रॉलीवर नंबर दोन ठिकाणी आहे, एवढे सांगून ठेवतो. दोन्ही शोधा आणि जुळतात का ते आम्हाला सांगा.