छोटी मोटार आणि तिची जपणूक

(महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत मोटारीवर भाषण, हे ऐकून कित्येकांना हसू आले असेल. परंतु आम्ही बोलणार आहोत ते अडचणीतून जन्मलेल्या मोटारीविषयी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विमाने बांधण्यास बंदी झाली आणि मेसरश्मिट कारखान्यापुढे कामाचा प्रश्न उभा राहिला. त्या सुमारास फ्रिट्झ फेंड नावाचे अभियंते युद्धात अपंग झालेल्यांसाठी लहान गाड्या करीत होते. दोघांची गाठ पडली आणि १९५५ साली 'के. आर. २००' ही तीनचाकी निघाली. इंजिन अवघे १९१ सी. सी.चे, बैठक एकामागे एक, आणि आत शिरायचे ते पारदर्शक छत बाजूला उचलून. मागे जायचे तर इंजिन बंद करून उलटे फिरवायचे. मग चारही गिअर मागे चालतात! १९६४ साली तिचे उत्पादन थांबले.

ज्याच्या घरी आज अशी गाडी आहे, त्याने ती नुसती पुसून ठेवू नये. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शिळे पेट्रोल टाकीत राहू देऊ नये, रबर तपासावे, गाडी अधूनमधून चालवावी. झिजलेला मूळ भाग बदलला तरी फेकू नये. पुढच्या कारागिराला नमुना तोच.

आता आपल्याकडे पाहू. बऱ्हाणपुराप्रमाणे इचलकरंजीही यंत्रमागांचे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडविली आणि पुढे अनेक वर्षे तीत सुधारणा केल्या. ती कारखान्यातून बाजारात मात्र आली नाही. जर्मन गाड्यांच्या चाहत्यांनी सुटे भाग आणि माहिती जपली, म्हणून त्या आजही रस्त्यावर दिसतात. आमच्या 'मीरा'चे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

म्हणून शाहपुरातील कुटुंबांना आमची विनंती आहे. केळीच्या मळ्यात जुने इंजिन असेल, घरात माग असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी कोणी आणले, कोणी दुरुस्त केले, कसे चालत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. यंत्र गेले तरी कारागिराचे नाव राहील.