देशाचा सामना, संघाची चिंता

राष्ट्रीय संघाकडून खेळताना खेळाडू जायबंदी झाला, तर त्याची झळ त्याच्या व्यावसायिक संघालाही बसते. 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा दुखावला. आयपीएल तोंडावर आलेली आणि श्रेयस दिल्ली कॅपिटल्सचा कर्णधार. नेतृत्व ऋषभ पंतकडे द्यावे लागले.

बेसबॉलमध्ये हा वाद जुना आहे. 2006 पासून होणाऱ्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये अमेरिकी व्यावसायिक संघांचे महागडे खेळाडू आपापल्या देशांकडून उतरतात. मार्च 2023 मध्ये मायामीत प्वेर्तो रिकोच्या विजयाचा जल्लोष करताना न्यूयॉर्क मेट्सच्या एडविन दियाझचा गुडघा असा दुखावला की पुढचा अख्खा हंगाम हुकला.

जल्लोषातली दुखापत कोणता नियम रोखणार? श्रम मात्र मोजता येतात. म्हणूनच या स्पर्धेत चेंडू फेकणाऱ्याला पहिल्या फेरीत एका सामन्यात 65 चेंडूंची मर्यादा असते आणि 50 किंवा अधिक चेंडू फेकल्यास चार दिवस सक्तीची विश्रांती.

क्रिकेटमध्येही मोजमाप तितकेच निकडीचे आहे, कारण वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यावरचा ताण हळूहळू साठत जातो. पाठीच्या दुखण्याने जसप्रीत बुमराह 2022 च्या टी-20 विश्वचषकाला मुकला आणि 2023 च्या आयपीएललाही. म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंचे. जानेवारी 2023 मध्ये मुंबईतल्या बैठकीत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ठरवले, की विश्वचषकासाठी निवडलेल्या संभाव्य खेळाडूंच्या तंदुरुस्तीवर राष्ट्रीय क्रिकेट अकादमीने आयपीएल संघांच्या साथीने लक्ष ठेवावे.