जुन्या जीपचा रेडिएटर बदलताना



बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शाहपूर लागते. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्राची हद्द सुरू होते. उत्तरेस बुऱ्हाणपूरच्या पलीकडे असीरगड आणि सातपुड्याच्या रांगा आहेत. केळीच्या बागा, कापसाची शेते, काळ्या मातीच्या चाकोऱ्या आणि डोंगरातील पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा, असा हा सगळा मुलूख आहे. अशा मुलखात जुनी जीप ही शोभेची वस्तू नसते. पावसाळ्यात चिखलातून मजूर नेणे, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचविणे, खताच्या गोण्या आणणे ही कामे तिला करावी लागतात. ती घाटात वाफ सोडीत उभी राहिली, तर नुकसान केवळ गाडीमालकाचे होत नाही.

जीपचा आणि खेड्यांचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ साली जन्मलेले हे वाहन महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात जोडावयास घेतले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या कचेऱ्यांसमोर जीप उभ्या राहू लागल्या. ग्रामसेवकाची सायकल व गटविकास अधिकाऱ्याची जीप ही त्या काळाची ओळखच होती म्हणा ना! पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खासगी मालकाच्या जुन्या गाडीला मात्र योग्यता तपासणीत उतरल्यास पाच-पाच वर्षांची मुदत मिळू शकते. तेव्हा आज जी जुनी जीप चालते, ती मालकाच्या पदरखर्चाने चालते. चुकीचा सुटा भाग घेणे त्याला परवडणारे नाही.

जुनी जीप तापू लागली की बहुधा पहिला दोष रेडिएटरला दिला जातो व नवा आणण्याची घाई होते. रेडिएटरचे काम काय, हे आधी समजून घेतले तर ही घाई टळते. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. इंजिनातून तापून आलेले पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांच्या जाळीतून खाली उतरते आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून जाणारी हवा त्यातील उष्णता काढून घेते.

येथे एक साधा हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. पाण्याचे तापमान ९० अंश सेल्सियस आणि बाहेरील हवा ३० अंश असेल, तर दोहोंमध्ये ६० अंशांचा फरक राहतो. वैशाखात हवा ४५ अंशांवर गेली की हाच फरक ४५ अंश उरतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे मुख्यतः ह्या फरकावर अवलंबून असल्याने त्याची ताकद एकदम चतुर्थांशाने घटते. जानेवारीत नवा रेडिएटर बसवून गाडी थंड चालते म्हणून समाधान मानणाऱ्यास मे महिन्यात आश्चर्य वाटते, त्याचे कारण हे होय. तापी खोऱ्यातील गाडीसाठी रेडिएटर निवडावयाचा तो उन्हाळ्यातील चढाचा विचार करूनच निवडावा.

खरेदीपूर्वी इतर दोष तपासणे आवश्यक आहे. पंख्याचा पट्टा सैल असेल तर पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंद फिरतात. खालची रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली असेल, तर इंजिन वेगात असताना ती आतल्या ओढीने चपटी होते व पाणी अडते. गाडी उभी असताना ती ठाकठीक दिसते, म्हणून हा दोष सहसा सापडत नाही. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, तर हेड गॅसकेट गेल्याचा संशय घ्यावा. अशा गाडीला कितीही मोठा रेडिएटर बसविला तरी ती तापणारच. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने रोग बरा होत नाही. इंजिन हिवाळ्यात थंडच राहते, तेल पातळ होत नाही व झीज वाढते.

दोष रेडिएटरचाच आहे, हे ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. गाडी चालवून तापल्यावर इंजिन बंद करावे आणि पंखा पूर्ण थांबल्यावर जाळीच्या जवळ हात फिरवून पाहावा. काही पट्टे गरम व काही थंड लागले, तर थंड पट्ट्यातील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे. गाडी थंड झाल्यावर झाकणाच्या तोंडातून आत पाहिल्यास नळ्यांच्या मुखांवर बसलेले पांढरट पुटही पुष्कळदा दिसते.

हे पांढरे पूट ह्या भागाला नवे नाही. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांना ठाऊक आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणण्यासाठी ती योजना बांधली गेली. आज त्या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर चढलेले दिसतात आणि पाण्याची वाट त्यांनी अरुंद केली आहे. माणूस ज्यात उतरू शकतो अशा भुयाराची ही गत, तर दोन-अडीच मिलिमीटर रुंदीच्या नळीची काय कथा! विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटर आतून दगडी होतो. त्यात गळती थांबविण्यासाठी मूठभर हळद टाकण्याचा गावठी उपाय केला जातो. हळद छिद्र बुजविते हे खरे, परंतु त्याबरोबर चांगल्या नळ्याही बुजविते. दवाखान्याच्या वाटेवर अडलेल्या चालकाने तसे केले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. मात्र घरी परतल्यावर तो रेडिएटर उघडून धुतलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा नसून गाडीलाच विचारावयाचा आहे: बॉनेटखाली इंजिन कोणते? सीजे-३बी जीपमध्ये मुळात २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असे. ते आधीच्या इंजिनाहून उंच असल्याने १९५३ साली ह्या जीपचे बॉनेटच उंच करण्यात आले. पुढे सीजे-५००डी मध्ये इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन आले आणि ऐंशीच्या दशकातील एमएम-५४० मध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० इंजिन आले. त्याशिवाय मूळ पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसविलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. नोंदणी पुस्तकात मॉडेल एक आणि आत इंजिन दुसरे, असा प्रकार असू शकतो. इंजिन बदलले की पाण्याच्या नळ्यांची तोंडे, पंख्याची उंची आणि पंखा व रेडिएटर यांतील मोकळी जागा ही सर्व बदलतात. ‘जीपचा रेडिएटर द्या’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला जो रेडिएटर मिळतो, तो गाडीला बसेलच असे नाही.

म्हणून जुना रेडिएटर उतरवून सोबत न्यावा, हा उत्तम मार्ग. ते शक्य नसल्यास जाळीची उंची, रुंदी व जाडी, वरच्या व खालच्या तोंडांचा व्यास आणि बाजू, झाकणाच्या गळ्याची जागा व बोल्टांच्या छिद्रांमधील अंतर कागदावर लिहून घ्यावे. पंख्याच्या पात्यांपासून जाळीपर्यंतचे अंतरही मोजावे. जाड जाळी घेतल्याने पाती तिला घासू लागली, तर पहिल्याच खड्ड्यात नवा रेडिएटर फाटेल.

दुकानात ‘तीन रांगांचा’, ‘चार रांगांचा’ असे शब्द ऐकू येतात. नळ्यांच्या रांगा जितक्या अधिक तितका रेडिएटर चांगला, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. पहिल्या दोन-तीन रांगांमधून गेलेली हवा आधीच तापलेली असते. चौथ्या रांगेला तिच्याकडून थोडेच गारवे मिळते, शिवाय जाड जाळीतून हवा ओढणे पंख्याला जड जाते. मळ्यात किंवा घाटात दहा-पंधराच्या वेगाने चालणाऱ्या जीपला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आधार नसतो, सारी भिस्त पंख्यावर असते. अशा गाडीस चांगली तीन रांगांची जाळी आणि पंख्याभोवती पत्र्याचा घेर, ज्यास गॅरेजात श्राउड म्हणतात, हा जोड चार रांगांच्या उघड्या जाळीपेक्षा सरस ठरतो. जुन्या जीपवरील हा घेर कधीतरी काढून टाकलेला असतो व पुन्हा कोणी बसवीत नाही. स्थानिक पत्राकामाचा कारागीर तो करून देऊ शकतो. नवा रेडिएटर घेण्याआधी हा एवढा खर्च करून पाहण्यास हरकत नाही.

पत्र्यांची दाटीही पाहिली पाहिजे. फार दाट पत्र्यांची जाळी कागदावर अधिक उष्णता टाकते, परंतु कापसाचे तंतू, भुसा, वाळलेल्या केळीच्या पानांचे तुकडे आणि चिखल तिच्यात लवकर अडकतात. शेतावरच्या गाडीला थोडी विरळ जाळी मानवते. ती धुताना पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूने बाहेर असा सोडावा आणि तो मंद असावा, नाहीतर पत्र्या वाकतात.

आता धातूचा प्रश्न. जुने रेडिएटर तांबे-पितळेचे असतात. बाजारात ॲल्युमिनियमचे, वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर आले आहेत. ते हलके असतात आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तांब्यातून उष्णता अधिक सहज वाहते हे खरे असले, तरी ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे थंड करण्याच्या बाबतीत चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर मागे पडत नाही. प्रश्न उद्भवतो तो दुरुस्तीचा आणि पाण्याचा. विहिरीचे साधे पाणी ॲल्युमिनियमला खड्डे पाडून लवकर खाते, त्यास योग्य कूलंट नियमाने घालावेच लागते. धुण्याचा सोडा, जो पितळी रेडिएटर धुण्यास वापरतात, तोही ॲल्युमिनियमला मारक आहे. प्लॅस्टिकच्या टाकीस तडा गेल्यास ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते. पितळी रेडिएटर गळला तर डाख देणारा कारागीर तालुक्याच्या बाजारात भेटतो आणि त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर येते.

हे सर्व पाहता, शाहपूरसारख्या ठिकाणच्या जुन्या जीपला तांबे-पितळेचाच रेडिएटर घ्यावा, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यातही मूळ पितळी टाक्या शाबूत असतील तर संपूर्ण नवा घेण्याऐवजी फक्त जाळी बदलून घ्यावी. तोंडे, छिद्रे, उंची सारे जुनेच राहिल्याने बसविण्याची कटकट उरत नाही. कारागिराकडून काम ताब्यात घेताना रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवेच्या दाबाने तपासून दाखविण्यास सांगावे. रेडिएटरखाली रबरी गाद्या घालाव्यात. जीपची चौकट वाटेवर पिळत असते, आवळून बांधलेल्या रेडिएटरचे डाख त्या पिळाने उकलतात.

झाकणाविषयी दोन शब्द अगत्याचे आहेत. झाकण दाब धरते आणि दर पौंड दाबास पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा अधिक वर जातो. जुन्या जीपला साधारणतः ४ किंवा ७ पौंडांचे झाकण असे, नव्या मोटारींना १३ ते १६ पौंडांचे असते. जास्त दाबाचे झाकण बसविले म्हणजे गाडी उकळत नाही, असा सल्ला देणारे भेटतात. जुन्या पितळी टाकीचे सांधे त्या दाबासाठी केलेले नसतात, ते फुटतात. दाबाखालील पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असूनही शांत दिसते व झाकण सोडताच उसळते. चेहरे व हात भाजण्याचे प्रकार त्यामुळे घडतात. गाडी निवल्यावाचून झाकणास हात लावू नये, हे शाळेतील मुलांनाही सांगून ठेवावे, कारण गाडी थांबली की तिच्याभोवती प्रथम मुलेच जमतात.

नव्या जाळीत पहिल्या दिवसापासून कूलंट व क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण घालावे. ते न मिळाल्यास पावसाचे स्वच्छ धरलेले पाणी चालेल. जुन्या इंजिनातील गाळ मात्र आधी धुऊन काढला पाहिजे, अन्यथा तो दोन महिन्यांत नव्या नळ्यांत येऊन बसेल.

जुना रेडिएटर उतरविल्यावर तो लगेच मोडीत देऊ नये. तांबे-पितळेला वजनावर चांगला भाव येतो, म्हणून दुकानदार तो बदल्यात मागतो. नवा रेडिएटर बसून गाडी भर दुपारी, ओझ्यासह, एखादा चढ चढून येईपर्यंत जुना घरीच ठेवावा. मापे पुन्हा जुळवावी लागली किंवा टाक्या वापरावयाच्या ठरल्या, तर तोच उपयोगी पडतो. मोडीचा भाव काय तो तेव्हाही मिळेलच.